लालसिंगकाकांची त्रेचाळीस नावं

लालसिंग आडे आमच्या दुकानात आले तेव्हा मला वाटलं, पेन्शनचा अर्ज असेल.

आमचं दुकान तहसीलसमोर. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन. अब्बा मशीनवर, मी कॉम्प्युटरवर. एम.ए. मराठी होऊन मला वर्ष झालं होतं. नोकरी नव्हती. दिवसभर उत्पन्नाचे दाखले टाइप करायचे.

त्यांनी खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली. जाड, खाकी, कंडक्टरची. तिच्यातून वह्या काढल्या. एकावर एक सात.

"हे टाइप करायचं हाय, बेटा."

"किती पानं होतील?"

"कोणाले माहीत. तेहतीस वर्षांचं हाय."

मी पहिली वही उघडली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सामान्यतः रहिवासी : हंगामी स्थलांतर करणारे समाज आणि मतदार यादी’. मी दोनदा वाचलं.

"काका, हे कोणाचं आहे?"

"माझं."

"म्हणजे तुमच्या मुलाचं?"

"पोरगा पुण्याले असते. त्याले यातलं काई समजत नाही. मी एलएलएम करून राह्यलो."

अब्बांनी मशीन थांबवलं. चष्मा वर केला. "लालसिंगभाई! एसटीतले!"

"रहमतमिया. अन हे तुमची पोरगी ना? तिकीट वाचवाले हिले तुमी माह्या गाडीत चार वर्षांची सांगितलंतं. मी तिलेच विचारलं. ते म्हणे, पहिलीत हाय."

अब्बा लाजले. मला ते आठवत नव्हतं. पण त्या दिवशी कळलं, हा माणूस ज्याचं त्याला विचारतो.

तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. पळसतांड्यात, बंजाऱ्यांच्या वस्तीत, जन्मले. आश्रमशाळेत दहावी केली आणि एसटीत लागले. उमरखेड आगारात तेहतीस वर्षं काढली, त्यातच बाहेरून बारावी आणि बी.ए. केलं. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात यवतमाळच्या कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं; आधी एलएलबी, आता एलएलएम. एका बाजूनं साडेतीन तासांचा प्रवास. बाकावर शेजारी एकवीस वर्षांची पोरं. ती यांना आधी शिपाई समजली, मग प्राध्यापक. खरं कळायला आठवडा लागला.

कायद्याचं वेड मात्र आधीचं. निवडणुकीत एसटीच्या गाड्या मतदान पथकांना घेऊन जातात. आदल्या दिवशी पेट्या आणि माणसं एखाद्या आडवळणाच्या शाळेत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबायचं. ड्रायव्हर झोपायचा. लालसिंगकाका केंद्राध्यक्षाची पुस्तिका मागून घ्यायचे. पहिल्या निवडणुकीत एकदा वाचली. दुसऱ्या निवडणुकीत तीनदा. पुढं पुढं केंद्राध्यक्षच गाडीपाशी येऊ लागले.

"आडे, एका बाईचं मत आधीच कोणीतरी टाकून गेलंय. आता तिचं काय करू?"

"तिले वेगळी मतपत्रिका द्या, साहेब. पाकिटात ठेवा. वापस पाठवू नका."

हे त्यांनी मला असं सांगितलं, जसं कोणी गाडीच्या वेळा सांगावं.

पण सात वह्यांचं मूळ पुस्तिकेत नव्हतं. एका निवडणुकीत त्यांची गाडी त्यांच्याच तांड्याच्या शाळेत लागली. त्यांची याडी, म्हणजे आई, मत द्यायला आली. फेटिया घागरा घातलेला, कांचळी चोळीचे आरसे चमकताहेत, हातभर चुडे. लग्नाला निघाल्यासारखी. यादीत नाव नव्हतं. आदल्या हिवाळ्यात ती ऊसतोडीला गेली होती, तेव्हा यादी तपासली गेली. साहेब म्हणाले, तुम्ही इथं राहत नाही.

ती गाडीपाशी आली. काका तिची नक्कल छान करतात. कमरेवर हात ठेवतात.

"लाल्या, हा साहेब म्हणते मी इथं राहत नाही. मंग मी कुठं राहते, त्याले विचारून सांग."

"मग तुम्ही विचारलं?" मी म्हटलं.

"त्या दिवशी नाही विचारलं. वर्दी होती अंगावर. अन मलेच माहीत नव्हतं." ते हसले. "पुढच्या निवडणुकीपर्यंत ते राह्यली नाही. पण प्रश्न देऊन गेली ना."

मी टाइप करू लागले. रोज दुपारी तीन ते पाच. काका वही धरून वऱ्हाडीत बोलायचे, मी प्रमाण मराठीत घ्यायची. कधी भांडण व्हायचं. मला त्यांची वाक्यं छोटी करायची असायची, त्यांना कायदा पूर्ण लागायचा.

एकदा ते एका ओळीवर थांबले. लोकप्रतिनिधित्वाचा १९५० सालचा कायदा, कलम वीस, पोटकलम एक-अ. त्यांनी वही मिटली आणि पाठ म्हटली. आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणापासून कोणी तात्पुरता दूर असेल, तर तेवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही.

"पाह्य," ते म्हणाले. "याडी मत द्याले गेली तवाही हे लिहिलेलं होतं. पुस्तकात होतं. शाळेत नव्हतं."

दोन वर्षं मी कविता वाचल्या. परीक्षेत त्यांच्यावर उत्तरं लिहिली. एखादी ओळ इतक्या प्रेमानं कोणी म्हणताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांचा स्वतःचा सिद्धांतही होता. दुसऱ्या प्रकरणात तो आहे. माणूस कुठला रहिवासी हे ठरवायचं असेल तर तो जाताना काय सांगतो ते पाहू नये, येताना काय सांगतो ते पाहावं. कारखान्यावर जाणारा कारखान्याच्या गावाचं तिकीट मागतो. परतताना मात्र गावाचं नाव घेत नाही. म्हणतो, घरचं द्या. कंडक्टरनं ओळखून घ्यायचं.

यवतमाळच्या मार्गदर्शक मॅडमनी समासात लाल पेनानं लिहिलं होतं : संदर्भ?

काकांनी तळटीप सांगितली. मी टाइप केली. ‘लेखकाचा अनुभव, उमरखेड आगार.’

मॅडमनी ती ठेवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका तीनऐवजी अकराला आले. हातात वही नव्हती, एक कागद होता. पळसतांड्याच्या त्रेचाळीस मतदारांची यादी. सगळ्यांची नावं वगळायची असा प्रस्ताव होता. कारण : स्थलांतरित. सुनावणी येत्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, तहसीलमध्ये.

"नोटिसा कुठं आहेत?" मी विचारलं.

"कुलपाले चिकटवल्या. कुलपं घरी हायत, माणसं सांगलीकडे ऊस तोडून राह्यले."

याच यादीवरून पुढं ग्रामपंचायतीची यादी निघणार होती. नाव गेलं की पंचायतीचं मतही गेलं. आणि त्रेचाळिसातल्या एका नावाला मतापेक्षा जास्त हवं होतं.

तिचं नाव मानीबाई भारत राठोड. वय छत्तीस, शिक्षण सातवी. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिनं फडातून काकांना फोन केला. काकांनी स्पीकर लावला. मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"काका, माह्यं नाव गेलं म्हणते?"

"गेलं नाही. जाऊन राह्यलं."

"मले तं मेंबरसाठी उभं राहायचं हाय. तुमाले सांगितलंतं ना. गावात नळ आला, तांड्याच्या वेशीवर थांबला. तीन वर्षांपासून तोटी तिथंच लटकून हाय. आपला मेंबर पंचायतीत जाऊन चहा पेते अन येते."

"यादीत नाव नसलं तं उभं राहता येत नाही, मानी."

"म्हणून तं फोन केला," ती म्हणाली.

तांड्यात पंचायतीला कोण उभं राहणार हे आजवर एकच माणूस ठरवत आला होता. थावरा नाईक. तांड्याचा नायक, आणि मानीबाईचा जेठ. म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. तिच्या मनात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी. जेठासमोर घुंगट आणि मौन.

हे सगळं झालं कसं, ते काकांनी दुपारपर्यंत शोधून काढलं. आणि त्यात कोणीच वाईट निघालं नाही. मला तेच जास्त विचित्र वाटलं.

दिवाळीनंतर माणसं निघाली. पोरंही सोबत. तिकडच्या शाळेत बसायला पोरांना कार्ड लागतं. शाळेच्या गुरुजींनी नाईकांकडून यादी मागितली. नाईकांनी आईबापांची त्रेचाळीस नावं लिहून दिली, ‘कारखान्यावर राहायला गेले आहेत’ असं वर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पोरांना कार्डं मिळाली. महिन्यानं त्याच गुरुजींकडे मतदार यादी तपासायचं काम आलं. घराघरांना कुलूप. गुरुजी व्यवस्थित माणूस. त्यांच्या फाइलमध्ये नाईकांचं पत्र होतंच. तांड्यात नाईकांचा शब्द शेवटचा. त्यांनी तो शेवटचा धरला.

आम्ही तांड्यावर गेलो. काकांच्या मोटरसायकलवर, मी मागं. नाईक सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर लिंबाखाली बसले होते. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा.

"हे कोण?"

"रहमतमियाची रुबीना. माह्या प्रबंधाची मास्तरीण."

"प्रबंधात माझं काय लिहिलं?"

"तिसऱ्या प्रकरणात आहे," मी म्हणून बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की तांड्यातलं मत नाईकाच्या तोंडून बाहेर पडतं.

"चांगलंच असंन," नाईक म्हणाले.

काकांनी पत्राची झेरॉक्स पुढं केली. "हे तुमचंच ना?"

"माझंच. शिक्का पाह्य ना."

"यानं त्रेचाळीस लोकाईचं मत चाललं, नाईक."

नाईकांनी कागद लांब धरून पाहिला. "मी तं पोट्ट्याईच्या शाळेसाठी देल्लतं. गुरुजीले सांग, चुकलं म्हणाव."

"गुरुजी म्हणते, नाईकाचा शब्द हाय."

"हाय तं हाय." नाईकांना ते आवडलं.

"मंग मागे घ्या."

"लाल्या." नाईक सावरून बसले. "एकतीस वर्षं झाले नाईकपणाले. बैठकीतला शब्द अजून मागे घेतला नाही. अन मी खोटं लिहिलं काय? ते गेले नाही काय?"

"गेले."

"मंग?"

परतताना काका म्हणाले, "बरोबर बोलले ते. खोटं काईच नाही त्या कागदात. म्हणून तं कठीण हाय."

"तुम्हीच बोला ना सुनावणीत. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"मी त्रेचाळिसाईच्या वतीनं बोललो तं काय झालं? एक नाईक तिथं, दुसरा मी."

त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि मानीबाईला फोन लावला.

"मानी, तुले यावं लागते."

"कसं येऊ, काका? मुकादम नवराबायकोचा मिळून एक कोयता धरते. मी तिकडे आली तं हे एकटे काय करतीन?"

"दोन दिवसाचा प्रश्न हाय. बाकीच्याईच्या घरी लहान लेकरं, म्हातारे. तूच येऊ शकते."

पलीकडे कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मुकादमाले सांगते, दात दुखते."

"दोन दिवस?"

"दाढ म्हणते ना."

गुरुवारी आम्ही साडेदहाला तहसीलच्या व्हरांड्यात होतो. नाईक आले. गुरुजी आले, बगलेत दोन फाइली. गुरुजींनी नाईकांना नमस्कार केला, नाईकांनी गुरुजींची प्रकृती विचारली. भांडणाचं वातावरण अजिबात नव्हतं. मी मात्र फाटकाकडे पाहत होते. अकरा वाजले. मानीबाई नव्हती.

"काका, ती आली नाही."

"नांदेडची गाडी अकरा पाचची हाय. वीस मिनिटं लेट असते."

"आज जास्त झाली तर?"

"तेहतीस वर्षं वीसच मिनिटं लेट हाय. आज काहून बदलीन?"

अकरा सत्तावीसला ती फाटकातून आत आली. हातात कापडी पिशवी. नाईकांना पाहताच तिनं पदर नाकापर्यंत ओढला. दोन्ही हातांवर उसाच्या पात्यानं काढलेल्या बारीक रेघा होत्या.

"दाढ कशी हाय?" काकांनी विचारलं.

"गाडीत बसली तशी बरी झाली."

आत नायब तहसीलदार मॅडम होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. समोर फाइलींचा ढीग आणि साय धरलेला चहा.

"आडे, तुम्ही वकील म्हणून आलात?"

"नाही मॅडम. तांड्याचा माणूस. अन विद्यार्थी."

मॅडमनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. काकांनी कलम वीसची प्रत ठेवली. मॅडमनी ती हलकेच परत सरकवली.

"एक-अ मला माहीत आहे. तात्पुरतं जाण्यानं नाव जात नाही. पण हे तात्पुरतं आहे हे मी कशावरून मानू? माझ्यासमोर नाईकांचं पत्र आहे. राहायला गेले, असं लिहिलंय. परत येणार असं एका शब्दानं लिहिलेलं नाही. गुरुजी, तुम्ही चौकशी केली?"

गुरुजी उभे राहिले. "मॅडम, पंधरा वर्षं या तांड्यावर आहे. नाईकांनी एकदा सांगितलं की मी दुसऱ्यांदा कोणाला विचारत नाही. तशी वेळच आली नाही."

"नाईक, पत्र चुकीचं असेल तर मागे घ्या. विषय इथंच संपेल."

"पत्र बरोबर हाय," नाईक म्हणाले.

"मग नावं जातील."

मी काकांकडे पाहिलं. या माणसाजवळ दोनशे बारा पानं होती. मी टाइप केलेली. नोटीस कशी द्यावी, चौकशी कशी करावी, सगळं. त्यांनी फाइल मिटली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

मी वाकून म्हटलं, "बोला ना."

"माह्यं झालं. जिचं नाव हाय तिले बोलू दे."

मॅडमनी पुकारलं, "मानीबाई भारत राठोड."

"हजर हाय," नाईक म्हणाले. "आमच्याच घरची हाय. मी सांगतो तिचं."

"त्यांनाच बोलू द्या."

"ते माह्यासमोर बोलत नाही, मॅडम. रीत हाय आमच्यात."

"मग तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?"

शिपायानं हसू दाबलं. नाईक जागचे हलले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांना कोणी बाहेर बसायला सांगितलं नसावं. मानीबाई उभी होती. घुंगटाआड चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, संपलं.

मग ती वळली. नाईकांकडे पाठ, मॅडमकडे अर्धी पाठ. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे तोंड.

"मॅडम," ती कपाटाला म्हणाली, "मी इथं बोलून राह्यली. तुमी तिथं लिहा."

मॅडमनी पेन उचललं.

"नाईकाईनं लिहिलं ते खोटं नाही. आमी गेलो. पण मले कोणी विचारलं नाही का तुह्यं मत कुठं हाय. लेकराची शाळा तिकडे नेली, मत नाही नेलं. घर तांड्यातच हाय." तिनं कमरेची चावी सोडली आणि मागं न पाहता टेबलावर ठेवली. "घर सोडून जाणारा माणूस चावी कमरेले बांधून ऊस तोडते काय? दिवसभर टोचते ते."

बाहेर कोणाच्या तरी मोबाईलवर भजन वाजत होतं.

मॅडमनी चावी पाहिली. मग नाईकांना पाहिलं.

"नाईक, तुम्ही यांना विचारलं होतं?"

नाईकांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मला वाटलं आता चिडतील.

"नाही," ते म्हणाले.

"या त्रेचाळिसातल्या कोणाला?"

"पोट्ट्याईच्या कार्डाचं विचारलं सगळ्याईले. मताचं कायले विचारीन? मताचं मी कोणाले विचारत नसतो. सांगतो."

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. शिपाई तोंडावर हात धरून बाहेर पळाला. गुरुजींनी फाइलमध्ये डोकं घातलं. कपाटाच्या बाजूनं एक बारीक आवाज आला. मानीबाई हसत होती. नाईकांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांच्याही मिशा हलल्या.

"आता निघालंच तोंडातून, तं लिहून घ्या," ते म्हणाले.

"म्हणजे हे पत्र कार्डापुरतं होतं?"

"कार्डापुरतंच. शब्द मी मागे घेत नाही, मॅडम. पण तो तेवढाच होता. त्याच्यात मत कोणी टाकलं, मले माहीत नाही."

गुरुजींचे कान लाल झाले.

"हे लोक परत कधी येतात?"

"होळीले. नाही आले तं कसं होईन? यंदा अकरा लेकराईची धुंड हाय."

मॅडमना कळलं नाही. काकांनी बाकावरून सांगितलं. वर्षभरात जन्मलेल्या लेकराची पहिली होळी म्हणजे धुंड. अख्खा तांडा जमतो, होळीची लेंगी गाणी गातात. लेकरू कुठंही जन्मो, धुंड तांड्यातच.

"कारखान्यावर होत नसते ते," नाईक म्हणाले. "केली तरी लागू होत नाही."

"याला कागद काही आहे?"

कागद नव्हता. धुंडीचा कागद कोण करतं? काकांनी डोळे मिटले. त्यांच्या दोनशे बारा पानांतही तो नव्हता.

तेवढ्यात गुरुजी दुसरी फाइल चाळू लागले. एका पानावर थांबले. पुढच्या पानावर गेले. पुन्हा थांबले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "पोरांच्या कार्डाचं रजिस्टर आहे. शेवटचा रकाना, परत येण्याचा अपेक्षित महिना. सत्तावीस पोरं. सगळ्यांसमोर मार्च लिहिलंय."

"कोणी लिहिलंय?"

"मीच."

पाच महिन्यांसाठी गेलेली पोरं आणि कायमचे गेलेले त्यांचे आईबाप. दोन्ही एकाच अक्षरात, एकाच बगलेत. गुरुजी खाली बसले आणि पाणी मागितलं. नाईकांनी आपल्यासमोरचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

मॅडमनी आदेश तिथंच सांगितला. त्रेचाळीस नावं कायम. कारण : तात्पुरती अनुपस्थिती, कलम वीस, पोटकलम एक-अ. काका बाकावर ओठ हलवत होते. त्यांना ते पाठ होतं. पण एका अधिकाऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होते.

"माह्यं नाव वाचून दाखवा," मानीबाई कपाटाला म्हणाली.

मॅडमनी वाचलं. नाव, नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि चावी उचलून कमरेला बांधली.

अडीचला तिची परतीची गाडी होती. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. काकांनी गरम आलूबोंडे आणले. मी त्यांना म्हटलं, प्रबंधात एक प्रकरण वाढेल आता. ते म्हणाले, "वाढीन कायचं, तिसरं खोडा लागीन. मी लिहिलं का बाई नाईकासमोर बोलत नाही."

"सोमवारी जमा करायचाय, काका."

"करू. खोटं जमा करण्यापरीस उशिरा जमा केलेलं बरं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. दोन वर्षं खपून लिहिलेलं प्रकरण होतं. बोंडा खाता खाता त्यांनी ते मोडीत काढलं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला होता.

मानीबाई खिडकीशी बसली. पदर होताच. नाईक गाडीपासून तीन हात दूर, उसाच्या रसाच्या बंद गाड्याला टेकून उभे. ती काकांना म्हणाली, पण आवाज तीन हातांसाठी होता.

"काका, नाईकाईले सांगा, यंदा तांड्यातून मेंबरसाठी मी उभी राहून राह्यली."

काका काही सांगायच्या आत नाईक म्हणाले, "लाल्या, तिले विचार. मी तं राजकुमारचं नाव धरलंतं. त्याचं काय करू?"

"त्याईलेही उभं राहू द्या म्हणा. लोकं पाहतीन."

"तिले विचार, निवडून आली तं करशीन काय?"

"सांगा, तोटी वेशीच्या आत आणीन. मंग बाकीचं."

नाईकांनी विचार केला. "तिले सांग, हे होळीच्या बैठकीत बोलावं लागते. सगळ्याईसमोर."

"तिथं कपाट नाही," मानीबाई म्हणाली.

"लिंब हाय ना," नाईक म्हणाले.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. ती आता थेट सांगलीला, उसात. मुकादमाला दाखवायला तिनं गालाला रुमाल बांधून घेतला होता.

गाडी वळणाआड गेल्यावर नाईकांनी विचारलं, "लाल्या, आपल्या वॉर्डात मतं किती?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी. सकाळी एकशे पंचेचाळीसच राहणार होते."

"त्यातलं माझं एक."

"एकच."

"अन ते कोणाले द्यावं, हे मले कोणी सांगणार नाही."

"नाही, नाईक. तुमाले कोण सांगीन?"

नाईकांनी फेटा काढला, झटकला, पुन्हा बांधला. राजकुमार त्यांच्या मधल्या भावाचा पोरगा, सख्खा पुतण्या होता. तांड्यातल्या प्रत्येकाला मत कुठं द्यायचं हे सांगण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

"मंग इचार करा लागीन," ते म्हणाले, आणि आमच्या आधी चालू लागले.